सुटीने दृष्टी पालटते काय?

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक विचार मोठ्या विश्वासाने बोलला जाऊ लागला आहे. माणसाने वर्षाकाठी एकदा तरी तीन-चार आठवड्यांची सलग सुटी घ्यावी, ती उन्हाच्या, पाण्याच्या, हिरव्यागार प्रदेशात घालवावी आणि तेथून नवा माणूस होऊन परतावे. तेथे घड्याळ विसरले जाते, भ्रमणध्वनी बंद राहतो, पहाटेचे पक्षी ऐकू येतात आणि आपण आजवर उगाच धावत होतो याचा साक्षात्कार होतो. आयुष्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते म्हणे! रविवारच्या पुरवण्या या साक्षात्कारांनी भरून वाहत असतात. नाताळात परदेशांतून घरी येणारी आमची मुले-नातवंडेही आता हीच भाषा बोलतात आणि त्यांच्या आईवडिलांना ती ऐकून कौतुक वाटते. आम्हांला मात्र या विचारात एक मोठी लबाडी दिसते. सुटीला आमचा विरोध नाही. थकल्या माणसाने निजावे, हिंडावे, चार घास निवांत खावेत. त्यात कोणाला दुःख असणार? विरोध आहे तो विश्रांतीला दृष्टीचे नाव देण्याला.

ही कल्पना मुळात थंड देशांतील आहे. सहा महिने ढगांखाली काढणाऱ्या माणसाला ऊन हेच औषध वाटावे, हे स्वाभाविकच. पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार १८९१ मध्ये पॅरिस सोडून ताहिती बेटावर गेला तो याच ओढीने. त्याने रंगविलेली ती संथ, सोनेरी माणसे युरोपच्या मनात घर करून बसली. त्या बेटावर तेव्हा फ्रेंचांचीच सत्ता होती, ही गोष्ट चित्र पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. आपण ती कल्पना जशीच्या तशी उचलली आणि उचलताना शाळेत शिकलेला भूगोल विसरलो. कर्कवृत्त गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते. अवघा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधातच पडतो. उन्हात दीर्घकाळ राहिल्याने दृष्टी येत असती, तर इंदापूरच्या शेतमजुराएवढा द्रष्टा पुरुष त्रिभुवनात सापडला नसता.

इंदापूरचे नाव आम्ही उगाच घेतलेले नाही. या नव्या सुटीचा पुणे जिल्ह्यातील एक मोठा पेठा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आहे. कृषी पर्यटनाची जी चळवळ पांडुरंग तावरे यांनी महाराष्ट्रात रुजविली, तिचा आरंभ २००५ साली बारामती तालुक्यातच झाला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. शेतकऱ्याच्या घरात चार जादा पैसे यावेत, शहरातील मुलांना भुईमूग झाडाला लागत नाही हे कळावे, हा हेतू चांगला आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो साधलाही आहे. हिवाळ्यात तेथे हुरडा असतो, चुलीवरची भाकरी असते, उसाचा ताजा रस असतो, बैलगाडीची फेरी असते. पलीकडे भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. आम्हीही या दोन तालुक्यांतील अशा घरांतून राहून आलो आहोत. तेथील अभिप्रायाच्या वह्या चाळण्याचा आम्हांला छंद आहे. शांती, निसर्ग, साधेपणा, आपली मुळे, हे शब्द त्या वह्यांत पानोपानी भेटतात. भाकऱ्या कोणी थापल्या, ऊस कोणी तोडला, हे शब्द क्वचितच.

पाहुणा ज्याला निसर्ग म्हणतो, त्याकडे जरा निरखून पाहू. बारामती हा पर्जन्यछायेतील तालुका. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या भागात खेळू लागले. आज जी हिरवी दुलई दिसते ती त्या कालव्याची आणि त्यानंतर आलेल्या उसाची. कालव्याच्या वर, सुपे-मोरगावच्या बाजूस जावे, म्हणजे या मुलखाचा मूळ चेहरा दिसतो. तेथे खुरटे गवत, बाभळी, मुरमाड माळ आणि त्यावर उधळणारी चिंकारा हरणे आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य या हरणांसाठीच १९९७ मध्ये घोषित झाले. एकाच तालुक्यात एका गावाला बारमाही पाणी आणि दुसऱ्या गावाला उन्हाळ्यात टँकर, अशी ही वाटणी आहे. पाण्याच्या बाजूस उतरलेल्या पाहुण्याला ती दिसत नाही; तीन आठवडे राहिला तरी दिसत नाही. त्याच्या खिडकीतून ऊसच दिसतो, आणि ऊस डोळ्यांना फार सुखद असतो.

उजनीचे तर विचारूच नका. भीमेवर सोलापूर जिल्ह्यात बांधलेले हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयाचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांत दूरवर पसरला आहे. हिवाळ्यापासून पाणी हळूहळू ओसरू लागते, काठावर उथळ दलदल तयार होते, तिच्यात शेवाळ आणि बारीक जलजीव माजतात, आणि ते खाण्यासाठी रोहित येतात. म्हणजे ज्या दृश्यापुढे पाहुण्याला सृष्टीचे सनातनत्व जाणवते, ते दृश्य वयाने त्याच्याहून फार मोठे नाही. आणि ते ज्या गाळावर उभे आहे, तो गाळ कोणाच्या तरी शेतावर साचला आहे. काळ्या जमिनीची, मळ्यांची, देवळांची ही गावे होती. पळसदेव हे त्यांतलेच एक. गाव वर सरकले आणि पळसनाथाचे जुने दगडी मंदिर पाण्यात राहिले. ज्या वर्षी धरण फारच आटते, त्या वर्षी ते बाहेर येते; २०२४ च्या उन्हाळ्यात असेच आले. तेव्हा हौशी मंडळी छायाचित्रे काढावयास धावली. त्यांच्या मागोमाग गावातील म्हातारी माणसेही आली होती. एकाच गाभाऱ्यापुढे उभी राहिलेली ही दोन प्रकारची माणसे एकच गोष्ट पाहत होती काय, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच उन्हाळ्यातील दुसरी गोष्ट सांगितलीच पाहिजे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ही माणसे सहलीला आलेली नव्हती. धरण होण्यापूर्वी जी गावे एकमेकांची शेजारी होती, त्यांच्यामध्ये आता पाणी आहे. रस्त्याने जावे तर फार मोठा वळसा पडतो, म्हणून नातलगांकडे, बाजाराला, दवाखान्याला माणसे बोटीनेच जातात. रोहित पाहावयास येणाऱ्यांची बोट आणि यांची बोट एकाच पाण्यावर चालते. पाहुण्याला त्या पाण्यावर अर्धा तास मोकळे वाटते, आणि तेवढ्यावर तो आयुष्याचे तत्त्वज्ञान उभारतो. निदान ज्याच्या हाती आपले प्राण सोपविले त्या नावाड्याला, तुमचे गाव कोठे होते हो, एवढे तरी त्याने विचारावे! उत्तर देताना तो नावाडी बहुधा पाण्याकडेच बोट दाखवील.

आता उसाकडे वळू. या लेखाचा खरा विषय तोच आहे. बारामती-इंदापूरच्या सुखद हिवाळ्यात येणारे पाहुणे दोन प्रकारचे असतात. एकांविषयी आतापर्यंत बोललो. दुसरे त्यांच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. हा मुक्काम चांगला पाच-सहा महिन्यांचा. लांबीचाच प्रश्न असेल तर याहून लांब मुक्काम कोणाच्या नशिबी नाही. हे आहेत ऊसतोड कामगार. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून बायकामुले, बैल, शेळ्या, पत्र्याची पेटी आणि ज्वारीचे पोते घेऊन ते माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. उसाच्या पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोप्या उभारतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फडात उभे राहायचे. पहाटे अंधारात तोड सुरू होते, दुपारी मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि ट्रक रात्री आला तर रात्रीही भरायची. तेच आभाळ, तीच थंडीची पहाट, तेच सूर्योदय! पुरवण्यांतील लेखकांना जे सहा दिवस लाभतात, ते यांना सहा महिने लाभतात.

आणि यांच्या भाषेत सुटीला काय म्हणतात? ‘खाडा’ म्हणतात. बाई आजारी पडली, मूल तापाने फणफणले, बाळंतपण आले, तरी तो खाडाच. खाड्याची मजुरी तर बुडतेच; वर दंड बसतो आणि उचलीचा आकडा तेवढ्याने फुगतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले आणि शासनाला त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा खाडाही होता. मासिक पाळीचे चार दिवस कामावरून राहणे ज्या बाईला परवडत नाही, तिच्या शेजारच्या शेतात बसून आपण घड्याळ विसरण्याचे सुख वर्णावे, यात काहीतरी अमंगळ आहे. आम्ही हा शब्द विचारपूर्वक वापरीत आहोत.

पाहुण्यांच्या बैलगाडीची फेरी निघते तेव्हा समोरून टायरची गाडी येते. तीवर उसाचा डोंगर असतो, वर लहानगे पोर बसलेले असते आणि बैलांच्या तोंडाला फेस असतो. फेरीतील मुले हात हलवितात. कोणी टिपणारा असेल तर एक सुरेख छायाचित्रही मिळते. पण दोन्ही गाड्यांना जुंपलेली जनावरे बैलच आहेत आणि दोन्ही गाड्यांवर बसलेली मुले एकाच वयाची आहेत, यांपैकी एक शाळेला नाताळची सुटी म्हणून येथे आहे आणि दुसरे शाळा सुटली म्हणून, हे मुलांना सांगणारा मोठा माणूस आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे.

सुटी ही मुळात कोणी कोणाला दिलेली खिरापत नव्हे. ती कामगारांनी मिळविलेली गोष्ट आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली प्रचंड संपांनंतर कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि गिरणीतील माणसे आयुष्यात प्रथमच समुद्र पाहावयास गेली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत हा कायदा चालत आला. ज्या उसावाचून कारखान्याचे चाक फिरत नाही, तो तोडणारा माणूस मात्र फाटकाच्या बाहेर राहिला. तो कारखान्याचा नोकर नाही, मुकादमाचा माणूस आहे, असे उत्तर मिळते. आणि हंगाम काही २४० दिवस चालत नाही. आम्ही ज्या धर्मग्रंथाचे वाचन करतो, त्यातील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा याबाबतीत कितीतरी स्पष्ट आहे. तेथे घरधन्याबरोबर त्याचा दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत आलेला परका यांचाही विसावा नावानिशी सांगितला आहे. धन्याने तेवढे निवांत बसावे आणि बैलाने गाडी ओढावी, अशी सवलत त्या आज्ञेत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. वर्षभर राबलेला माणूस दोन घटका सुखाने बसावयास जातो. त्याच्या मागे तुम्ही धरणग्रस्त आणि ऊसतोड कामगार कशाला लावता? त्याने सुटीत समाजशास्त्र शिकावे काय? मुळीच नाही. त्याने खुशाल झोपावे. झोपून उठल्यावर ‘झोप छान लागली’ एवढे म्हणावे. परंतु तो जेव्हा ‘मला जीवनाचा अर्थ कळला’ असे म्हणतो, तेव्हा कोणाच्या जीवनाचा, हे विचारण्याचा हक्क आम्हांला प्राप्त होतो. या साक्षात्काराची एक गंमत पाहा. परतलेला माणूस कमी धावायचे ठरवितो, मुलांना अधिक वेळ द्यायचे ठरवितो, बाल्कनीत तुळस लावतो. यांपैकी एकाही निश्चयात दुसरा माणूस नसतो. जेथे तो राहिला तेथील कोणाचेही आयुष्य त्या पालटलेल्या दृष्टीमुळे तसूभर हललेले नसते. याला दृष्टी पालटणे म्हणत नाहीत. डोळ्यांना विश्रांती मिळाली, एवढेच फार तर म्हणता येईल.

मग घर सोडून दूर गेल्याने माणूस कधी बदलतच नाही काय? बदलतो. त्याचा दाखला याच दोन तालुक्यांच्या रस्त्यावर दरवर्षी चालत जातो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडीला येते. तेथे धोतरांच्या पायघड्या पडतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण आणि मग निमगाव केतकीवरून इंदापूर. घरापासून दूर, उघड्यावर, अठरा-एकोणीस दिवस. हिशेबाने ही लांब सुटीच झाली. पण या वाटेवर चालणारा परस्वाधीन असतो. पाणी कोणी देईल तेव्हा प्यायचे, पावसात कोणी ओसरी देईल तेथे पडायचे. आणि म्हणून ज्याच्या दारात आपण टेकलो त्याचे घर त्याला पाहावेच लागते.

तरीही वारी केली की डोळे उघडतात, असे सोपे सूत्र आम्ही मांडणार नाही. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चाललेल्या इरावती कर्वे यांचा अनुभव या संदर्भात मोलाचा आहे. दिवसभर एका सुरात अभंग गाणाऱ्या त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. बाईंना ते सलले. त्या दोन्हींकडे जाऊ-येऊ लागल्या आणि ती सल त्यांनी लिहून ठेवली. त्या प्रवासातून त्यांनी आनंद आणला, तशी एक टोचणीही आणली. आम्हांला वाटते, दृष्टी पालटल्याची काही खूण असेल तर ती ही. नुसती शांती घेऊन परतलेल्या माणसाविषयी आम्हांला शंका येते.

बारामतीनेही असे पाहुणे पाहिले आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मिशनची माणसे तेथे आली. ती आमच्या पंथाची नव्हती, आणि त्यांच्या सगळ्याच कल्पना आम्हांला मान्य होतील असेही नाही. पण ती राहिली. त्यांच्या मागून येणारी दुसरीही राहिली. साठोत्तरी दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेचे धान्य मजुरीदाखल देऊन तालुक्यात पाझर तलावांची कामे झाली, त्यामागे या दीर्घ परिचयाचाही वाटा होता. उन्हाच्या देशात आलेल्या त्या माणसांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती, की येथे उन्हाची नव्हे, पाण्याची वाण आहे. ती समजायला त्यांना तेथील विहिरीचे पाणी प्यावे लागले होते.

दारिद्र्याचे प्रदर्शन मांडा, हुरड्यानंतर पाहुण्यांना कोप्या दाखवायला न्या, असे आम्ही सुचवीत नाही. त्याहून ओंगळ काही नसेल. आमची सूचना अगदी रुक्ष आहे. ज्यांच्या घरी आपण उतरतो ते यजमान बहुधा स्वतः ऊस पिकवितात आणि कोणत्या ना कोणत्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद असतात. सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार असतो. त्या सभा गळीत हंगामाच्या आधी, बहुधा सप्टेंबरात भरतात. तेथे उसाचा पहिला हप्ता, साखरेचा उतारा, वजनकाटा यांवर तासन्‌तास खडाजंगी होते. तोडणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, त्याचा खाडा धरू नये, दंड उचलीत घालू नये, आणि बाळंतिणीला व आजाऱ्याला हंगामात पगारी दिवस मिळावेत, हा विषय एका सभासदाने लेखी मांडला तरी तो इतिवृत्तात येतो. पाहुणा हा यजमानाचा चार पैसे देणारा माणूस आहे आणि त्याच्या शब्दाला तेथे किंमत आहे. येत्या नाताळात ज्यांनी बारामतीकडे किंवा भिगवणच्या काठी खोल्या राखून ठेवल्या असतील, त्यांनी आपल्या यजमानाला आगाऊ रकमेबरोबर याविषयी एक पत्र पाठवावे. नाताळात भेटल्यावर सभेत काय झाले, हेही त्यांनी विचारावे.